परक्या गावातले चोवीस गुरू



आजचं चिंतन जरा लांबलंय. एका बैठकीत नको वाटलं तर दोनदा वाचा, पण वाचा. कारण आज पोथीबरोबर माझी एक जुनी चूकही मांडायची आहे.

गेल्या शनिवारी माझ्या मामेभावाचा फोन आला. वय चोवीस, परदेशातली पहिलीच नोकरी, व्हिसा हातात आला आहे आणि पुढच्या महिन्यात तो जर्मनीला येतोय. आधी नेहमीचे प्रश्न झाले. कुकर आणू का, भाजणी किती आणू, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथून. मग म्हणाला, "दादा, पोथी कुठली आणू?" मी म्हटलं, "एकनाथी भागवत आण." तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने पुढे विचारलं, "तिकडे रुळायला किती दिवस लागतात? आणि आपला नेम टिकतो का रे?"

मी पटकन म्हणालो, "सहा महिने. आणि टिकतो की!"

फोन ठेवला आणि चैन पडेना. कारण दोन्ही उत्तरं खरी नव्हती. मला सहा महिने लागले नाहीत, दीड वर्ष लागलं. आणि नेम टिकला म्हणावं, तर तो ज्या पद्धतीने टिकला त्याची आज लाज वाटते. म्हणून आजचं चिंतन त्याच्यासाठी, आणि तुमच्यापैकी जे कुणी बॅग भरत असतील त्यांच्यासाठी. परदेशच हवा असं नाही. साताऱ्याहून बेंगळुरूला जाणाऱ्यालाही हे लागू आहे.

आजचा भाग: एकनाथी भागवत, अध्याय ७ ते ९. अवधूत आणि यदुराजाचा संवाद.

हा उपदेश कुणाला केला आहे?

चोवीस गुरूंची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी इथपासून कोळी आणि भृंगी कीटकापर्यंत. पण ही गोष्ट श्रीकृष्ण कुणाला सांगताहेत आणि कधी, तिकडे आपलं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

द्वारका बुडणार आहे. सात दिवसांत समुद्र गावात शिरेल असं देवांनी उद्धवाला सांगितलंय. देव स्वतः निजधामाला निघालेत. आणि उद्धवाला सांगतात, तू हे घर, ही माणसं, हा मोह सोड आणि बाहेर पड. म्हणजे ज्याला घर सोडून निघायचंय अशा माणसाला हा उपदेश केला आहे. उद्धव तरी कुठे खुशीत होता? त्याला देवाच्या सहवासातून हलायचं नव्हतं. शेवटी तो बदरिकाश्रमाला गेला. समुद्रकाठचा माणूस हिमालयात!

बॅग भरणाऱ्या माणसाच्या हातात द्यायला याहून योग्य पोथी मला सुचत नाही.

आणि ही पोथी नाथांनी पुरी कुठे केली? पैठणला नाही, काशीत. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३. गोदाकाठचा माणूस गंगाकाठी, दुसऱ्या भाषेच्या गावात बसून, अठरा हजारांहून जास्त ओव्यांचा मराठी ग्रंथ पुरा करतो. परंपरा सांगते की मराठीत भागवताचा अर्थ सांगतो म्हणून तिथल्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि नंतर याच ग्रंथाचा गौरव केला. आपण जी पोथी घरच्या देव्हाऱ्यासमोर बसून वाचतो, ती स्वतःच परगावी वाढलेली आहे.

माझा जिना

आता माझी गोष्ट.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. येण्याआधी मला या गावाबद्दल एवढंच माहीत होतं, आणि गाड्यांचे कारखाने. मी जानेवारीत आलो. मे महिन्यात बायको आणि चार वर्षांची मुलगी आली. जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं.

एके दिवशी दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसली. त्यावर लिहिलं होतं "केरवोखे". कुणाची तरी चुकून राहिली असेल म्हणून मी ती काढून रेडिएटरवर ठेवली. आठवड्याने दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार वाजवलं. सत्तरीच्या असतील. त्या जर्मनमध्ये काहीतरी सावकाश, ठामपणे बोलल्या. मी हसून विचारलं, "इंग्लिश?" त्यांनी मान हलवली, पाटी मागून घेतली आणि गेल्या.

ही काय भानगड आहे ते ऑफिसात कळलं. या श्वाबियन भागात इमारतीचा जिना आणि पुढचा फुटपाथ रहिवाशांनी पाळीपाळीने झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ, आणि थंडीत पायवाटेवरचं बर्फसुद्धा. ही रीत फार जुनी आहे. १४९२ मध्ये इथल्या एबरहार्ड नावाच्या काउंटने शहर स्वच्छ ठेवण्यासाठी प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावी असा नियम घातला होता, तिथपर्यंत लोक तिचं मूळ नेतात. आमच्या भाड्याच्या करारातही ही पाळी लिहिलेली होती. मी करार वाचला नव्हता. सॉफ्टवेअरवाला माणूस! अटी न वाचता 'ॲग्री' दाबायची सवय.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? "आपण एवढं भाडं भरतो, वर जिना झाडायचा?" कोथरूडला आमच्या सोसायटीत जिना कोण झाडतं, त्या मावशींचं नाव काय, हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. पण इथे मी मानी झालो.

मग एकेक सुरू झालं. रविवारी काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकल्या, तेव्हा समोरच्या खिडकीतून एक गृहस्थ ओरडले. रविवारी आवाज चालत नाही. मुलगी दुपारी घरात पळत होती, तर पत्रपेटीत चिठ्ठी आली. सकाळी सातला टाळ वाजवून आरती केली, तर पुन्हा चिठ्ठी. धूप लावला, तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला आणि सगळा जिना दारात.

चार-पाच महिन्यांत माझा सिद्धांत तयार झाला. "ही माणसं यंत्रं आहेत. नियम आहेत, माया नाही. शिस्त आहे, भाव नाही."

इथपर्यंत कुठल्याही नव्या माणसाचं होतं. माझी चूक याच्या पुढची आहे. मी माझ्या रागाला अध्यात्माचा रंग दिला. पोथीत विषयात गुंतलेल्या माणसाचं वर्णन आलं की मला दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दिसायच्या. अहंकाराचं वर्णन आलं की खिडकीतले गृहस्थ दिसायचे. स्वतःचं तोंड एकदाही दिसलं नाही! रोज पाऊण तास वाचन व्हायचं, नेम मोडला नाही, आणि प्रत्येक दिवशी मी त्या इमारतीपासून आणखी थोडा लांब जात होतो. पोथी माझ्या हातात ढाल झाली होती.

भाषेचंही तेच. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. बायकोने संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात नाव घातलं. मी म्हटलं, "कशाला? दोन वर्षांनी परतच जायचंय." ती काही बोलली नाही. वही घेऊन जात राहिली.

मार्चमधली एक रात्र

मला येऊन चौदा महिने झाले होते. रात्री अकराला मुलीचा ताप चाळीसच्या वर गेला. पाणीसुद्धा पोटात ठरेना. इथे दवाखाना बंद असताना ११६११७ या नंबरवर फोन करतात. मी फोन लावला, इंग्रजीत बोललो. पलीकडच्या माणसाला माझं समजेना, मला त्याचं समजेना. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

तिचं जर्मन तुटकं होतं. क्रियापद शोधताना अडखळायची. पण कधीपासून ताप आहे, किती अंश, शेवटची लघवी कधी झाली, औषध काय दिलं, सगळं तिने सांगितलं. कुठे जायचं ते लिहून घेतलं. तिथेही डॉक्टरांशी तीच बोलली. मी मुलीचं जॅकेट हातात धरून भिंतीशी उभा. डॉक्टरांनी मला थेट एक प्रश्न विचारला. बाप म्हणून विचारला असणार. मी बायकोकडे बघितलं.

सुदैवाने काही गंभीर नव्हतं. रात्री दोनला टॅक्सीने परत निघालो. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली. खिडकीबाहेर बघत बायको म्हणाली,

"चौदा महिने झाले तुला इथे येऊन. पण तू आलाच नाहीयेस. तू अजून कोथरूडलाच आहेस. इथे मी एकटी आलेय."

आवाज चढवला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

त्या रात्री झोप आली नाही. माझं वाचन तेव्हा क्रमाने चाललं होतं, बाराव्या अध्यायात होतो. म्हणजे सात, आठ, नऊ हे अध्याय मी दोन-तीन आठवड्यांपूर्वीच वाचून झाले होते. त्यातलं मला काहीही आठवेना. पहाटे उठून मागे गेलो.

अवधूताचं उत्तर

यदुराजाला एक तरुण अवधूत दिसतो. घर नाही, दार नाही, आणि चेहऱ्यावर समाधान. राजा विचारतो, ही बुद्धी तुला कुठून मिळाली? अवधूत सांगतो, मला पुष्कळ गुरू आहेत. मी त्यांना माझ्या बुद्धीने गुरू केलं.

मी इथे थांबलो. या चोवीसांपैकी एकानेही अवधूताला शिष्य म्हणून पत्करलेलं नाही. पृथ्वीला माहीत नाही की आपण गुरू आहोत. अजगराला माहीत नाही. पिंगला वेश्या आपल्या दारात गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती, ती कुणाला शिकवायला बसली नव्हती. बाण करणारा कारागीर तर कामात इतका बुडालेला की समोरून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळलं नाही. त्यांच्यापैकी कुणी अवधूताशी गोड बोललं नाही, कुणी त्याचं स्वागत केलं नाही. शिकण्याची सगळी जबाबदारी शिकणाऱ्याची!

आणि मी चौदा महिने वाट बघत होतो की इथल्या लोकांनी आधी माझ्याशी प्रेमाने वागावं, मग मी त्यांच्याकडून काही घेईन.

चोवीसांतले तीन गुरू माझ्या उपयोगी पडले. तेवढेच सांगतो.

पहिला गुरू: कपोत

कबुतराची गोष्ट सातव्या अध्यायात आहे. घरट्यावर अतोनात जीव. पिलं पारध्याच्या जाळ्यात सापडली, मादीने उडी घेतली, मग नरानेही घेतली. सगळं कुटुंब गेलं.

इथे गैरसमज नको. घरच्यांवर प्रेम करू नका असं कुणी सांगत नाहीये. आसक्तीने डोळे मिटले की समोरचं जाळंही दिसत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

माझं घरटं माझ्या खिशात होतं. भारतात आणि इथे थंडीत साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. मी उठायचो तेव्हा पुण्यात दुपारची तयारी सुरू. डोळे उघडताच घरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप. कोथरूडच्या चौकात कुठलं खोदकाम चाललंय हे मला माहीत. माझ्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर कोण राहतं हे माहीत नाही. शनिवारी तीन-तीन तास व्हिडिओ कॉल, आणि शेजारी बसलेली मुलगी "बाबा, खेळायला चल ना" म्हणतेय.

मग ठरवलं. आईशी रोज दहा मिनिटं आणि रविवारी निवांत तासभर, तेव्हा फक्त आईचं ऐकायचं. बाकीचे ग्रुप गप्प केले. आई पहिल्यांदा रुसली. महिन्याभराने म्हणाली, "आता तू फोनवर असलास की खरंच असतोस."

दुसरा गुरू: मधमाशी

मधमाशी लहान फुलातूनही थोडं घेते, मोठ्या फुलातूनही थोडं घेते, फुलाला दुखवत नाही. सार घेते. आठव्या अध्यायात हे येतं.

मी ठरवलं, रोज एक कण घ्यायचा. सुरुवात जिन्यापासून केली. पुढच्या वेळी पाटी आमच्या दाराला लागली, तेव्हा शनिवारी सकाळी झाडू घेऊन बाहेर आलो. खालच्या पायरीपासून सुरू केलं. चारच पायऱ्या झाल्या असतील, दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि बोटाने वर दाखवलं. वरून खाली! खालून वर झाडलं तर झाडलेल्या पायरीवर परत केर पडतो. मग कठड्यावरून बोट फिरवून मला धूळ दाखवली. तेही पुसायचं. हसल्या नाहीत. दार लावून घेतलं.

मला मात्र हसू आलं. 'केरवोखे' या शब्दात आपला 'केर' बसलाय हे त्या दिवशी लक्षात आलं. त्यांच्या भाषेत त्या अक्षरांचा अर्थ झाडणं आहे, शब्दाचं मूळ वेगळं, पण कानाला केरच! आणि जनाबाईची आठवण झाली. ती केर काढायची आणि देव तिच्या मागून केर भरायचा, असं आपण मानतो. लहानपणापासून ही कथा ऐकून मी डोळ्यांत पाणी आणत आलो, आणि झाडू हातात घ्यायची वेळ आली तेव्हा भाड्याचा हिशोब मांडत बसलो. देव केर भरायला येईलही, पण आधी कुणीतरी झाडायला नको का?

दुसरा कण रविवारचा. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, बाटल्या टाकायच्या नाहीत, यावर मी वर्षभर चिडलो होतो. मग भाषेच्या वर्गात एक गोष्ट कळली (हो, मीही नाव घातलं, बायकोच्या दोन पायऱ्या खाली). जर्मनीच्या राज्यघटनेत रविवारला संरक्षण आहे. कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून. मूळ कलम १९१९ च्या वायमार घटनेतलं, १९४९ च्या घटनेने ते तसंच ठेवलं. ज्यांना मी यंत्र म्हणत होतो त्यांनी मनाच्या उन्नतीसाठी आठवड्यातला एक दिवस कायद्याने राखून ठेवलाय. सगळे लोक तो तसा वापरतात का? नसतील. आपण एकादशी कशी वापरतो? साबुदाणा खिचडी! पण शांतता तर खरी आहे. आता माझं सगळ्यात चांगलं वाचन रविवारी सकाळी होतं. अख्खं गाव माझ्यासाठी गप्प बसल्यासारखं वाटतं.

तिसरा गुरू: कुमारिकेच्या बांगड्या

नववा अध्याय. घरी एकटीच असलेल्या मुलीला बघायला पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती आत साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. आवाज बाहेर जाईल याचा तिला संकोच वाटला. तिने एकेक बांगडी कमी केली. दोन ठेवल्या, तरी वाजतात. शेवटी प्रत्येक हातात एकेक ठेवली. आवाज थांबला, काम चालू राहिलं.

अवधूत यातून एकांताचं महत्त्व घेतो. जिथे अनेक तिथे गलबला. पण मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर मला याच गोष्टीत मिळालं. पुढचा अर्थ माझा आहे, नाथांच्या माथी मारू नका.

त्या मुलीने कांडणं सोडलं नाही. हात उघडेही ठेवले नाहीत. एक ठेवली. आपण परगावी जाताना डझनभर बांगड्या घालून जातो. टाळ, घंटा, धूप, अमुकच तूप, तमुकच वेळ, अमुकच पदार्थ. त्या वाजतात. शेजाऱ्याला त्रास होतो, मग आपल्याला राग येतो, आणि आपल्याला वाटतं की धर्मावर संकट आलंय. मी बसून विचार केला. यातली कुठली बांगडी गेली तर माझा हात उघडा पडेल? पोथी आणि हरिपाठ. बाकी सगळं बाजूला ठेवलं. टाळ कपाटात गेले, ते आता गणपतीत इथली मराठी माणसं जमतात तेव्हा निघतात, आणि तेव्हा खणखणून वाजतात. घरी हरिपाठ हळू आवाजात होतो. पूर्वी आवाज मोठा होता आणि लक्ष शेजाऱ्याच्या चिठ्ठीकडे होतं. आता आवाज लहान आणि लक्ष शब्दांवर.

सगळंच घ्यायचं का?

नाही. चोवीस गुरूंमधले कितीतरी 'असं करू नको' शिकवणारे आहेत. कपोत, पतंग, हत्ती, हरीण, मासा. अवधूत पतंगाकडून शिकला म्हणजे त्याने दिव्यावर झेप घेतली नाही. शिकणं म्हणजे नक्कल नव्हे.

इथे मी दुसरं टोकही पाहिलंय. मराठी बोलायची लाज, डब्यातली भाजी झाकून खायची. तेही माझ्याच चुकीचं भावंड. एकाला वाटतं आपलं सगळं श्रेष्ठ, दुसऱ्याला वाटतं आपलं सगळं हलकं. दोघेही समोरच्या माणसाकडे नीट बघत नाहीत.

मी दारू घेत नाही. पहिल्या वर्षी ऑफिसच्या जेवणात कुणी ग्लास पुढे केला की मी कारण सांगायचो, मग संस्कृती सांगायचो, मग समोरचा कंटाळून उठायचा. आता "नको, सफरचंदाचा रस चालेल" एवढंच म्हणतो. कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आपल्या व्रताला बचावाची गरज नसते, ते आपल्याला वाटतं.

नाथांकडेच बघा ना. काशीत राहून ग्रंथ मराठीतच पुरा केला. आणि त्याच नाथांच्या काही रचना हिंदीतही आहेत. आपली भाषा सोडली नाही, दुसऱ्याची परकी मानली नाही.

शेवटचा कण

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की दोन शब्द म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून. मी मान हलवून पुढे जायचो. मला वाटायचं 'हॅलो' असेल. भाषेच्या वर्गात तो शब्द आला तेव्हा मी वहीतून डोकं वर काढलं. "ग्र्यूस गॉट." जर्मनीच्या या दक्षिण भागात लोक एकमेकांना असंच म्हणतात. त्यात 'गॉट' म्हणजे देव. देव तुझी विचारपूस करो, तुझं भलं करो, असा काहीसा अर्थ.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "अरे, आम्ही नुसतं म्हणतो. अर्थाचा विचार कोण करतो?"

मी म्हटलं, आमच्याकडे रामरामचंही तसंच झालंय.

पण मला त्या दिवशी काम सुचलं नाही. चौदा-पंधरा महिने एक म्हातारी बाई रोज जिन्यात देवाचं नाव घेऊन माझ्यासमोरून जात होती, आणि मी वर जाऊन पोथी उघडून "या लोकांत भाव नाही" म्हणत होतो.

त्या संध्याकाळी जिन्यात त्या भेटल्या. मी आधी म्हटलं, "ग्र्यूस गॉट." त्यांनी उत्तर दिलं आणि माझा उच्चार दुरुस्त केला. बाई अजूनही तशाच आहेत. कठड्यावरून बोट फिरवतात. मैत्री वगैरे झालेली नाही. पण मनातल्या मनात मी त्यांना पंचविसावा गुरू मानतो, आणि चोवीसांप्रमाणे त्यांनाही ते माहीत नाही.

बायकोने त्या टॅक्सीतल्या वाक्याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. मागच्या हिवाळ्यात रात्री बर्फ पडलं, पाळी आमची होती. पहाटे मी खाली जायला निघालो तर तीही कोट घालून आली. दोघांनी फावड्याने वाट मोकळी केली. वर येताना म्हणाली, "आलास का शेवटी?" मी म्हटलं, "हो. उशीर झाला."

काल मामेभावाला परत फोन केला. खरं उत्तर दिलं. "रुळायला किती दिवस लागतील ते गावावर नाही, तू शिष्य कधी होतोस त्यावर आहे. आणि नेमाचं म्हणशील तर मोडण्याची भीती धरू नको. पोथी वाचून तू माणसांच्या जवळ जातोयस की लांब, तेवढं बघत राहा." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि दादा, झाडू तिथे मिळतो ना?"

मिळतो रे बाबा. आण फक्त पोथी.

आजचा अभ्यास

१. तुमच्या इमारतीत, ऑफिसात किंवा वर्गात ज्या माणसाची सगळ्यात जास्त चीड येते, त्याच्याकडून घेता येईल असा एकच कण आज शोधा. त्याला सांगायची गरज नाही.

२. तुमच्या रोजच्या उपासनेतल्या बांगड्या मोजा. एकच ठेवायची झाली तर कुठली? ती आज शांतपणे करा.

३. गेल्या आठवड्यात पोथीतली एखादी ओवी वाचताना 'हे अमक्याला लागू आहे' असं वाटलं असेल, तर ती परत काढा आणि स्वतःला लावून वाचा. हा अभ्यास सगळ्यात कडू आहे, मीही रोज करत नाही. पण करायला हवा.

उद्या पिंगलेची कथा घेऊ.

राम कृष्ण हरी.